आनेकलची गाडी उटीत

आनेकलचा हिवाळा तसा सोशीक. पहाटे काचेवर दव दिसते, फडका फिरवला की गाडी निघाली! बन्नेरघट्ट्याच्या जंगलालगतच्या या तालुक्यातली कुटुंबे नाताळात उटीला जातात, तेव्हा मात्र फजिती होते. सुमारे २,२४० मीटर उंचीवर निरभ्र, निवांत रात्री दव चक्क गोठते. संध्याकाळी हौसेने धुतलेल्या गाडीचे पाणी दाराच्या रबरात थिजते आणि सकाळी दार हलत नाही. हिसका दिल्यास रबर फाटते, मूठही तुटते. उकळते पाणी तर नकोच, काच तडकेल. दार आधी खांद्याने आत दाबावे. बर्फाचा पापुद्रा मोडतो. नाहीच उघडले तर उन्हाच्या बाजूचे दार पाहावे. आदल्या रात्री रबर कोरडे पुसून ग्लिसरीनचा हात फिरवणारे मात्र तोवर दोडाबेट्ट्याच्या वाटेला लागलेले असतात.