निसेको की हाकुबा?

आमच्या सुरंगीत थंडी म्हणजे जानेवारीत पहाटे शाल घ्यावी लागते, एवढीच. अशा गावातल्या माझ्या लेकाला स्नोबोर्डिंगसाठी जपानला जायचंय, आणि मलाही न्यायचंय.

त्याचं मन निसेकोत. सैबेरियाचा कोरडा वारा जपानच्या समुद्रावरून बाष्प उचलतो आणि होक्काइदोच्या डोंगरांवर पिठासारखा भुसभुशीत बर्फ टाकतो. पडलं तरी फारसं लागत नाही म्हणे! शिवाय दिव्यांच्या उजेडात रात्रीही घसरता येतं. हाकुबात १९९८च्या नागानो ऑलिंपिकच्या शर्यती झाल्या, तेही त्याने वाचलं होतं.

मी मात्र सूर्यास्त पाहिले. जानेवारीच्या सुरुवातीला निसेकोत सव्वाचारच्या सुमारास, हाकुबात पावणेपाचला. हसू नका, दिवस मावळल्यावर मी जेवत नाही. आणि तिथलं मिसो सूपसुद्धा बहुधा सुक्या माशाच्या पाण्यात करतात.

"आई, अर्ध्या तासासाठी हाकुबा?"

"तुला वाटतो अर्धा तास. माझं जेवण आहे ते."

तो गप्प. दोन दिवसांनी स्वतःच म्हणाला, "निसेकोच. चारच्या आत मी खाली येईन, तुझ्याबरोबर खाखरे खाईन. मग रात्री परत वर."

मी मेतकुटाचा डबा मोठा घेतलाय.