टेबलाभोवतीच्या येरझाऱ्या

मराठीच्या प्राध्यापकाने कादंबरी लिहू नये, असे कोणत्याही विद्यापीठाच्या नियमात नाही. म्हणून मी ती लिहिली. चारशे बारा पानांचा तो गठ्ठा तीन प्रकाशकांची दारे ठोठावून परत आला. तिसऱ्याने नकाराखाली एक जादा ओळ लिहिली होती : 'आपले पत्र दुसऱ्याच प्रकाशकाच्या नावे आहे.' पाहतो तो खरेच! आधीच्या पत्रावरचे नाव बदलायचे राहून गेले होते. त्या दिवशी गठ्ठा कपाटाच्या तळच्या खणात गेला.

पण खरा सल निराळाच होता. कादंबरी प्रथम वाचली ती आमच्या सौभाग्यवतींनी. वाचून हिने एवढेच म्हटले, "गोष्ट तिसऱ्या प्रकरणात सुरू होते. आधीची सत्तर पाने कशाला?" यावर मी दोन दिवस तिच्याशी धड बोललो नव्हतो, आणि तिने पुन्हा कधी विषय काढला नव्हता.

2018 च्या मे महिन्यात धाकट्या बहिणीकडे, लीड्सला, जाण्याचा योग आला. ती म्हणाली, "दादा, लंडन सगळेच बघतात. तुला मी लेखकांचा मुलूख दाखवते." लीड्सहून आगगाडीने तासाभराच्या आत आम्ही हेब्डन ब्रिजला उतरलो. हे गाव एके काळी कापडगिरण्यांचे. दरी इतकी अरुंद की घरावर घर चढवलेले. खालच्या घराचे दार खालच्या रस्त्यावर, वरच्याचे डोंगराकडच्या वरच्या रस्त्यावर! तिथून फरसबंदी चढण धापा टाकीत चढलो की हेप्टनस्टॉल. कवयित्री सिल्विया प्लाथ हिची समाधी याच गावी आहे. जवळच दरीच्या उतारावर गिरणीमालकाने बांधलेले एक जुने दगडी घर झाडांतून डोकावते. त्याचे नाव लम् बँक.

प्लाथचे पती टेड ह्यूज यांचे हे एके काळचे घर. 1968 साली दोन कवींनी, जॉन मोट आणि जॉन फेअरफॅक्स यांनी, आर्व्हन नावाची संस्था काढली आणि 1975 पासून या घरात तिच्या लेखन-कार्यशाळा भरू लागल्या. सोळाएक माणसे, दोन अनुभवी लेखक, सोमवार ते शनिवार एका छपराखाली मुक्काम. रात्रीचा स्वयंपाक आळीपाळीने लेखकांनीच करायचा.

आत वर्ग चालू असल्यामुळे आम्ही बाहेरूनच घर पाहिले आणि गावात चहाला बसलो. शेजारच्या टेबलावर सत्तरीच्या एक बाई होत्या. निवृत्त परिचारिका. मी लम् बँकेची चौकशी करताच त्यांची कळी खुलली. त्या स्वतः तिथे आठवडाभर राहून आल्या होत्या.

"पहिल्याच दिवशी मला विचारले, 'तुमच्या नायिकेला हवे तरी काय आहे?' तीनशे पाने लिहून मला सांगता येईना! मग पहिली चाळीस पाने गेली. मला रडू आले. नशीब की त्या संध्याकाळी कांदे चिरायची पाळी माझीच होती. कुणाला कळले नाही."

पुढे त्यांनी विकण्याचीही तालीम सांगितली. समोरच्याचा चहा निवायच्या आत कादंबरी तोंडी सांगायची. विलायतेत कादंबरीकार आणि प्रकाशक यांच्यामध्ये बहुधा एजंट असतो. लेखकाच्या मिळकतीत साधारणपणे शेकडा 15 हा त्याचा वाटा. त्याच्याकडे एक छोटे पत्र, कथानकाचा गोषवारा आणि सुरुवातीची दोन-तीन प्रकरणे धाडायची. पत्रात स्वतःची स्तुती नको, रडगाणे तर नकोच. पुस्तक निघाले की वाचनालये आणि दुकाने पालथी घालून स्वतः वाचून दाखवायचे.

"मग, छापली का?" मी न राहवून विचारले.

"अकरा नकार आलेत. बारावीकडे पाठवली आहे," बाई हसून म्हणाल्या आणि त्यांनी केकचा तुकडा माझ्यापुढे सरकवला.

मला माझ्या तीन नकारांची लाज वाटली. आपल्याकडे आपल्या पुस्तकाबद्दल आपणच बोलणे म्हणजे उथळपणा, असा माझा समज. श्री. पु. भागवत, राम पटवर्धन यांच्यासारख्या संपादकांनी आपल्याकडेही लेखकांच्या हस्तलिखितांवर जीव ओतला. पण असा संपादक प्रत्येकाच्या वाट्याला कुठून यायचा?

बहीण म्हणाली, "आता पहिली कार्यशाळा दाखवते, चल." ओसाड माळरान ओलांडून बसने आम्हांला हॉवर्थला सोडले. ब्राँटी भगिनींचे गाव. ते वर्ष एमिलीच्या जन्माच्या द्विशताब्दीचे. चढत्या फरसबंदी रस्त्यावर माणसांची रीघ होती. चर्चमागे त्यांच्या धर्मोपदेशक वडिलांचे घर. 1928 पासून तिथे संग्रहालय आहे.

जेवणाच्या खोलीत एक साधे लाकडी टेबल. त्यावर शाईचे डाग, मधोमध मेणबत्तीने जळल्याची खूण आणि कोरलेले एक इंग्रजी 'ई'. रात्री नऊ वाजता वडील निजायला गेले की शार्लट, एमिली आणि ॲन शिवणटिपण बाजूला ठेवीत, टेबलाभोवती येरझाऱ्या घालीत आणि आपापल्या कथानकांची चर्चा करीत. लिहिलेले एकमेकींना वाचून दाखवीत, चुका सांगत.

आणि विक्री? 1846 साली स्वखर्चाने, पुरुषी टोपणनावांनी काढलेला त्यांचा कवितासंग्रह वर्षभरात दोन प्रती खपला! तरी वर्ड्‌स्वर्थ, टेनिसन यांना त्यांनी भेट प्रती धाडल्या. 'वुदरिंग हाइट्स' आणि 'ॲग्नेस ग्रे' छापण्यासाठी एमिली व ॲन यांना प्रकाशकाला 50 पौंड द्यावे लागले. शार्लटची पहिली कादंबरी 'द प्रोफेसर' दारोदार फिरत राहिली. बाई भोळ्या इतक्या की परत आलेल्या पुडक्यावरची जुनी नावे नुसती खोडून तेच पुढे धाडीत, असे त्यांच्या चरित्रकार मिसेस गॅस्केल यांनी लिहून ठेवले आहे. हे वाचून मला जो धीर आला, तो काय सांगू!

अखेर स्मिथ-एल्डर या प्रकाशनाचेही नकाराचेच पत्र आले; पण दोन पानी, गुणदोषांची नीट चर्चा करणारे, तीन खंडांचे काही असल्यास जरूर पाहू म्हणणारे. शार्लटने ऑगस्ट 1847 मध्ये त्यांना 'जेन एअर' पाठवली. ऑक्टोबरात ती बाजारात आली. 'द प्रोफेसर' मात्र तिच्या हयातीत निघालीच नाही.

1848 च्या डिसेंबरात एमिली गेली, 1849 च्या मेमध्ये ॲन. त्यानंतर शार्लट रात्री त्या टेबलाभोवती एकटीच फिरे. तिची एकटीची पावले ऐकून घरच्या मोलकरणीचे काळीज तुटे. मी त्या टेबलासमोर किती वेळ उभा होतो कोण जाणे. छापणारा प्रकाशक शार्लटला तेव्हा होता, वाचणारे जग होते. चूक सांगणारे कुणी उरले नव्हते. आणि मला ते माणूस घरात असून मी दोन दिवस त्याच्याशी बोललो नव्हतो!

परतताना वाफेच्या गाडीने कीथलीपर्यंत आलो. बहिणीने विचारले, "दादा, गप्प का?" मी म्हटले, "काही नाही. तुझ्या वहिनीला फोन लाव."

घरी आल्यावर गठ्ठा खणातून काढून जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि हिला म्हटले, "तिसऱ्या प्रकरणापासून वाचतो. जिथे कंटाळशील तिथे थांबव." हिने चष्मा पुसून लावला. "आणि रुसायचे नाही," म्हणाली. दोन महिने रोज रात्री ही मैफल चालली. सत्तर पाने गेली, वर आणखी पन्नास गेली. रुसलो फक्त एकदा, तेही तासभर.

चौथ्या प्रकाशकाने परत पाठवली. पाचव्याने घेतली. पाकिटावरचे आणि पत्रावरचे नाव हिने स्वतः दोनदा तपासले होते. कादंबरी किती खपली हे विचारू नका. दोन प्रतींहून अधिक खपली, एवढे मात्र अभिमानाने सांगतो.