वेष्टणावर नसलेली नावे

आपल्याला आवडलेली तबकडी दुसऱ्याला ऐकवणे ही वरकरणी अगदी साधी गोष्ट आहे. परंतु ती लावण्याआधी समोरचा एक प्रश्न हमखास विचारतो : हे कोणाचे? या प्रश्नाचे उत्तर देताना आपण कर्तृत्वाविषयी एक भूमिका घेत असतो, आणि बहुतेक वेळा ती न तपासताच घेत असतो. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे सोल आणि फंक, आणि न्यू यॉर्कमधील प्वेर्तो रिकन वस्त्यांतून घडलेले लॅटिन संगीत यांच्या जुन्या तबकड्या मी अनेक वर्षे ऐकतो आहे आणि मित्रांना ऐकवतो आहे. त्यांतल्या तीन मी हटकून निवडतो. तिन्ही १९७० आणि १९७१ या दोन वर्षांतल्या. त्या मला अतिशय आवडतात, हे पहिले कारण. दुसरे असे, की साहित्याच्या वर्गात आपण ज्याची चर्चा 'लेखक म्हणजे कोण' अशा अमूर्त शब्दांत करतो, तो प्रश्न या तबकड्यांत प्रत्यक्ष ऐकू येतो.

पहिली मार्विन गे याची 'व्हॉट्स गोइंग ऑन' (१९७१). शीर्षकगीताचे बीज 'फोर टॉप्स' या गायकसमूहातील ओबी बेन्सन याचे. १९६९ साली बर्कली येथे निदर्शकांवर पोलिसांनी केलेला बळाचा वापर त्याने पाहिला होता. गे याने ते गीत आपलेसे केले. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीचा संस्थापक बेरी गॉर्डी ते प्रसिद्ध करण्यास प्रथम नाखूश होता. हा इतिहास पुष्कळांना ठाऊक असतो. मी ऐकणाऱ्याला एवढेच सुचवतो, की एकदा गायकाला बाजूला ठेवून खालची बास गिटार ऐकावी. ती केवळ आधारस्वर देऊन स्वस्थ बसत नाही. गायक श्वास घेतो त्या जागेत ती एखादे उपवाक्य घालते. त्याचा स्वर खाली झुकला, की ती वर चढते. एका कवितेच्या ओळींखाली दुसरी कविता चालू असावी, तसा अनुभव येतो.

ही बास वाजवणारा जेम्स जेमर्सन. १९५९ साली स्थापन झालेल्या मोटाउनच्या साठीच्या दशकातील गीतांमागे 'फंक ब्रदर्स' या नावाने ओळखला जाणारा वादकांचा एक संच होता, आणि जेमर्सन त्याचा कणा होता. तो उजव्या हाताच्या एकट्या तर्जनीने तारा छेडत असे. ही गीते जगभर वाजली, पण वेष्टणावर वादकांची नावे छापण्याची कंपनीची रीत नव्हती. जेमर्सनचे नाव मोटाउनच्या एखाद्या मोठ्या तबकडीच्या वेष्टणावर आले ते याच 'व्हॉट्स गोइंग ऑन'च्या. पुढच्याच वर्षी, १९७२ साली, कंपनीने आपला कारभार लॉस एंजेलिसला हलवला आणि डेट्रॉइटचा तो संच विखुरला. १९८३ साली, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, जेमर्सन वारला. या वादकांवरचा 'स्टँडिंग इन द शॅडोज ऑफ मोटाउन' हा माहितीपट आला २००२ साली.

दुसरी तबकडी जेम्स ब्राउनची 'फंकी ड्रमर'. १९६९च्या नोव्हेंबरात सिनसिनाटी येथे मुद्रित झालेली ही चीज १९७० साली दोन भागांत निघाली. फंकमध्ये पहिल्या मात्रेवरचा आघात सर्वांत वजनदार असतो. आपल्याकडच्या श्रोत्याला तो समेसारखा वाटेल. पण आपला कलावंत दूरवर भटकून समेवर येतो, तर येथे दर आवर्तनाला सगळा वृंद एकदम त्या मात्रेवर पाय रोवतो. बराच वेळ हे चालल्यावर ब्राउन इतर सर्वांना थांबवतो आणि ढोलवादकाला एकटे सोडतो. पुढची आठ आवर्तने, म्हणजे सुमारे वीस सेकंद, फक्त क्लाइड स्टबलफील्ड वाजवतो. त्यात कसलेही प्रदर्शन नाही. मुख्य आघातांच्या मधल्या जागा तो पुटपुटल्यासारख्या हलक्या टिपांनी भरत राहतो, एवढेच.

ही वीस सेकंदे पुढे हिप-हॉपच्या व्याकरणाचा भाग झाली. पब्लिक एनिमीच्या 'फाइट द पॉवर'पासून (१९८९) असंख्य गाण्यांत तो तुकडा कापून वापरला गेला. मात्र रचनाकार म्हणून स्टबलफील्डचे नाव नोंदलेले नव्हते. स्वामित्वहक्काच्या व्यवहारात रचना म्हणजे प्रामुख्याने चाल आणि शब्द, आणि मुद्रणाची मालकी कंपनीची. पगारी वादकाचा ठेका या दोहोंच्या फटीतून निसटतो. या वापराचे स्वामित्वधन त्याला मिळाले नाही. विस्कॉन्सिनमधील मॅडिसन येथे तो स्थायिक झाला आणि तेथे अनेक वर्षे सोमवारी रात्री वाजवत राहिला. २०१७ साली तो वारला. चालू मुद्रणातच ब्राउन त्या चिजेचे नाव जाहीर करतो. त्या नावात वादकाचे काम आहे, पण वादक नाही.

येथे एक सावधगिरी बाळगायला हवी. मालकाकडून नाव काढून नोकराला बहाल केले, की न्याय झाला, इतके हे प्रकरण सरळ नाही. कोणी केव्हा थांबायचे हे ठरवणारा ब्राउन नसता, तर ती आठ आवर्तने मोकळी झालीच नसती. 'कोल्ड स्वेट'मध्ये (१९६७) सॅक्सोफोनवादक मेसिओ पार्करला तो गाता गाता नावाने हाक मारतो. वेष्टणाने नाकारलेली नाममुद्रा अशा वेळी गाण्याच्या पोटात उमटते. म्हणजे एकाच माणसाने वादकांना दडपले आणि ऐकूही आणले. या दोन्ही गोष्टी एकत्र सांगितल्या, तरच ते खरे वर्णन होते.

तिसरी तबकडी 'हार्लेम रिव्हर ड्राइव्ह' (१९७१). पियानोवादक एडी पाल्मिएरी याने तिच्यासाठी आपला भाऊ चार्ली आणि इतर लॅटिन वादक यांच्यासोबत बर्नार्ड पर्डी व कॉर्नेल डुप्री हे सोलच्या जगातले वादक बसवले; हे दोघे अरीथा फ्रँकलिनच्या साथीला वाजवणारे. गायक जिमी नॉर्मन. लॅटिन ठेक्याचा पाया क्लावे, म्हणजे तीन आणि दोन अशा विभागणीचा पाच आघातांचा आकृतिबंध. सोलचा जोर दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. 'बुगालू' प्रकारात, उदाहरणार्थ जो क्यूबाच्या 'बँग बँग'मध्ये (१९६६), या दोहोंची नृत्यापुरती गाठ पडली होती. पाल्मिएरी ती गरिबीच्या आणि रागाच्या विषयापर्यंत नेतो. शीर्षक एका रस्त्याचे आहे : हार्लेमच्या कडेने नदीकाठी धावणारा, वस्तीत न शिरता पुढे जाऊ देणारा. १९७२ साली हा वृंद सिंग सिंग तुरुंगातील कैद्यांपुढे वाजला. पण तबकडी चालली नाही. ती सोलच्या कप्प्यात ठेवावी की लॅटिनच्या, हा पेच आजही तिला हाती घेताना जाणवतो. लॅटिन मुद्रणासाठी स्वतंत्र ग्रॅमी पुरस्कार १९७६ साली प्रथम दिला गेला, आणि तो पाल्मिएरीलाच मिळाला. अर्थात वेगळ्या तबकडीसाठी. २०२५ साली त्याचे निधन झाले.

रोलाँ बार्थचा लेखकाच्या मृत्यूवरचा निबंध १९६७चा. तो मी मनापासून शिकलो आणि आजही मानतो. मात्र ज्या वर्षी पॅरिसमधला एक समीक्षक लेखकाच्या नावाचे ओझे उतरवू पाहत होता, त्याच वर्षी डेट्रॉइटच्या तळघरवजा स्टुडिओत वाजवणाऱ्यांना ते ओझे अजून मिळालेच नव्हते. नाव विसर्जित करण्याची मुभा आधी नाव असलेल्यालाच असते. आपल्याकडे हेमा राईरकर आणि गी पॉयत्वँ यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा करताना गाणाऱ्या बाईचे नाव आणि गाव नोंदवले. ओवी परंपरेची आहे, म्हणून ती म्हणणारी कोणीच नाही, असे त्यांनी मानले नाही. त्या नोंदींमुळे ओवीचा अर्थ आकसला नाही. कोणत्या घरातून आणि कोणत्या आयुष्यातून ती आली, हे उलट कळू लागले.

म्हणून तबकडी ऐकवताना मी आता थोडा वेळ घेतो. मार्विन गे म्हणतो आणि जेमर्सन म्हणतो. ब्राउन म्हणतो आणि स्टबलफील्ड म्हणतो. पाल्मिएरीच्या तबकडीला तर पाच-सहा नावे घ्यावी लागतात आणि ऐकणारा कंटाळतो. कंटाळू दे. त्यानंतर सुई टेकली, की तो बहुधा स्वतःहून विचारतो : मघाशी ते दुसरे नाव कोणते सांगितलेत?