इंग्रजीतलं अहो-जाहो

संध्याकाळी साडेसातला आमचा वर्ग भरतो. डोंबिवलीतल्या एका सोसायटीच्या सभागृहात, गणपतीच्या मखराच्या फळ्या आणि घडीच्या खुर्च्या यांच्या मधल्या जागेत. येणारे सगळे दिवसभर राबून आलेले: एक रिक्षावाले काका, दोघी आशाताई, एक वॉचमन आणि पोळी-भाजी केंद्र चालवणाऱ्या काकू. यातलं कोणीच कोरं नाही. पाचवीपासून इंग्रजी होतं. दहावीला कोणाचा पेपर कसाबसा निघाला, कोणाचा राहिला. शब्द तर चिक्कार. ऑर्डर, पार्सल, ॲडव्हान्स, कॅन्सल, बॅलन्स, काकू एका दमात म्हणतात. विटांचा ढीग पडलाय, भिंत तेवढी उभी राहत नाही.

ती का राहत नाही, हे मी बरीच वर्षं व्याकरणात शोधलं. सापडायचंही. मराठीत भूक आपल्याला लागते, ताप आपल्याला येतो, गाणं आपल्याला आवडतं. आपण नुसते ‘मला’ होऊन बाजूला उभे. इंग्रजीत तिथेही ‘आय’ला पुढे व्हावं लागतं. मराठीत वाक्याला ‘का’ जोडला की प्रश्न होतो. इंग्रजीला मध्ये एक ‘डू’ लागतो, ज्याचा अर्थ विचारला तर बाईंचीच पंचाईत. ‘अ’ आणि ‘द’चं तर नावच नको. हे सगळं मी फळ्यावर लिहायची. वह्या भरायच्या, तोंडं मिटलेलीच.

एकदा जोड्या पाडून एकमेकांना ‘कुठे राहता’ विचारायचं होतं. काकूंच्या वाट्याला मी आले. त्या म्हणाल्या, “मॅडम लिव्ह व्हेअर?” मी सुधारलं, “व्हेअर डू यू लिव्ह?” त्यांनी मान डोलावली आणि पुन्हा, “मॅडम लिव्ह व्हेअर?” तिसऱ्यांदाही तेच. मी कंटाळून पुढे गेले.

वर्ग सुटल्यावर चपला घालता घालता त्या हळूच म्हणाल्या, “कळतं हो मला. पण तुम्हाला ‘यू’ कसं म्हणू? कुत्र्याला यू-यू केल्यासारखं वाटतं.”

मी घरी येईपर्यंत हसत होते, आणि मग हसू आपोआप थांबलं. काकू चुकत नव्हत्याच. इंग्रजीचा नियम मोडून त्या मराठीची रीत पाळत होत्या, आणि त्या रीतीवर मी लाल शाई ओढत होते. लहान मूल नव्या भाषेकडे जवळजवळ रिकाम्या हातांनी येतं. मोठं माणूस भरल्या हातांनी येतं. त्या हातांत काय आहे, हे न विचारताच आम्ही शिक्षक म्हणतो, आधी ते खाली ठेवा.

दुसऱ्या दिवशी फळा कोराच ठेवला आणि गोष्ट सांगितली. इंग्रजीतही पूर्वी ‘तू’ होता, ‘दाऊ’. ‘यू’ हे मुळात अनेकवचन. पुढे मानाच्या एकट्या माणसालाही ते वापरू लागले, थेट आपल्या ‘तुम्ही’सारखं. मग मान वाटत वाटत इतका वाटला गेला, की सतराव्या शतकात ‘दाऊ’ रोजच्या बोलण्यातून जवळपास उठलाच. उरला तो काही बोलींत आणि प्रार्थनेत. म्हणून तर समोर एकच माणूस असलं तरी ‘यू आर’. तो ‘आर’ अनेकवचनाचा.

“म्हणजे ते सगळ्यांनाच अहो-जाहो करतात?” रिक्षावाले काका म्हणाले. “आणि देवाला अरे-तुरे?”

“मग आपण काय विठोबाला अहो म्हणतो?” काकूंनी त्यांना गप्प केलं.

मग माझ्याकडे वळून, पदर सारखा करून, ‘यू’पाशी किंचित थांबत त्यांनी विचारलं, “व्हेअर डू यू लिव्ह, मॅडम?”

माझं घर त्यांना पक्कं ठाऊक होतं; शनिवारच्या पोळ्या त्यांच्याकडूनच येतात. तरी मी उभं राहून, पूर्ण वाक्यात उत्तर दिलं.