आधी बटण बंद, मग कीबोर्ड!

मैत्रिणींनो, माळ्यावर पडलेला जुना, गोल पिनचा कीबोर्ड पुन्हा वापरायचं मनात आहे ना? अवश्य वापरा. फक्त एक पथ्य पाळा : चालू कॉम्प्युटरला तो कधीही लावू नका.

माझ्याकडे तसा एक आहे. जडच्या जड, कळ दाबली की टक् वाजणारा. लग्नपत्रिका, सोसायटीची इतिवृत्तं, कुणाचे प्रबंध, सगळं मी त्याच्यावर टाइप केलं. मुलांच्या फिया त्यातूनच निघाल्या म्हणा ना! बोटांना त्याची इतकी सवय, की तो गेला तर तसा दुसरा कुठून आणणार?

मुलगा म्हणतो, “आई, हल्ली सगळं चालू मशीनलाच लावतात गं.” त्याचंही खरंच आहे. १९९६ साली आलेल्या यूएसबीची चपटी पिन त्यासाठीच बनवलेली. तिच्यात विजेच्या पट्ट्या जरा लांब असतात. आधी वीज जोडली जाते, मग संदेशाच्या तारा. १९८७ सालच्या पीएस-टू या गोल पिनची गोष्ट वेगळी. तिच्यात विजेच्या आणि संदेशाच्या काड्या सारख्याच लांबीच्या. लावताना हात जरा तिरका झाला, की पाच व्होल्ट भलतीकडे जायची भीती.

शेजारच्या वहिनींकडे हेच झालं. कीबोर्ड वाचला, पण कॉम्प्युटरचं ते भोकच मेलं. बोर्डावरचा इवलासा फ्यूज उडाला होता. दुरुस्तीवाल्याला डाग देऊन नवा बसवावा लागला. कधीकधी तर कीबोर्ड सांभाळणारी चिपच जळते, बरं का! नव्या बऱ्याच बोर्डांत संरक्षण असतं, पण त्यावर विसंबायचं कशाला?

मग करायचं काय? कॉम्प्युटर रीतसर बंद करा. एवढ्यानं भागत नाही हं! बंद मशीनमध्येही थोडी वीज खेळत असते. म्हणून भिंतीवरचं बटणही बंद करा नि मिनिटभर थांबा. मग पिन सरळ धरून, न रेटता बसवा. जांभळं भोक कीबोर्डाचं, हिरवं माउसचं.

नव्या मशीनला गोल भोकच नसेल तर? बाजारातला साधा, स्वस्त जोड फार जुन्या कीबोर्डांना चालत नाही. आत चिप असलेला कन्व्हर्टर मागा. आधी कीबोर्ड कन्व्हर्टरला जोडा, मग कन्व्हर्टरची चपटी पिन कॉम्प्युटरला.

घरातल्या मुलांनाही हे एकदा समजावून ठेवा. त्यांनी गोल पिन फारशी पाहिलेलीच नसते. मिक्सरचं भांडं काढताना आपण बटण बंद करतोच ना? तशीच ही सवय. दोन मिनिटांचा खोळंबा होतो, पण ज्याच्यावर आपण चार पैसे मिळवले ती वस्तू हातची जात नाही.