पेटीवरचा हात, पडद्यावरचा राजा

कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीने १९३२ साली आपला पहिला बोलपट काढला, ‘अयोध्येचा राजा’. दिग्दर्शक व्ही. शांताराम, तारामतीच्या भूमिकेत दुर्गा खोटे. हरिश्चंद्र झाले गोविंदराव टेंबे, आणि चित्रपटाचं संगीतही त्यांचंच.

ही दुहेरी कामगिरी किती अवघड होती, ते त्या वेळची पद्धत पाहिली की कळतं. पार्श्वगायन अजून आलं नव्हतं. दृश्य आणि गाणं एकाच वेळी टिपलं जाई. मायक्रोफोन चौकटीच्या जेमतेम बाहेर, वादक कॅमेऱ्याला दिसणार नाहीत अशा जागी. नटाने मान जरा जास्त वळवली की आवाज पडायचा. सूर हलला तर अभिनयासकट सगळं पुन्हा. नाटकात ‘वन्स मोअर’ घेत एकेक पद मनसोक्त रंगवता येई. इथे फिल्मच्या लांबीचा हिशेब होता, म्हणून तेच गाणं थोडक्यात आटपावं लागे.

टेंब्यांची (१८८१–१९५५) तयारी पेटीवर झाली होती. भास्करबुवा बखल्यांच्या गाण्याला ते साथ करत. गवय्याचा दम कुठे संपणार, तो समेवर कसा येणार, हे साथीदाराला त्याच्या बरोबरीने, कधी क्षणभर आधी ओळखावं लागतं. दुसऱ्याचा श्वास ओळखणारा हाच कान चाली बांधताना त्यांच्या कामी आला. १९११ च्या ‘संगीत मानापमान’मध्ये त्यांनी पूरबी ठुमरी-कजरीचा ढंग मराठी रंगभूमीवर आणला. बालगंधर्वांच्या भामिनीच्या तोंडी त्या चाली बसल्या त्या कायमच्या. १९१३ मध्ये बालगंधर्व आणि गणपतराव बोडस यांच्याबरोबर ते गंधर्व नाटक मंडळीच्या स्थापनेत होते. पुढे स्वतःची शिवराज नाटक मंडळी काढून त्यांनी रंगमंचावर भूमिकाही केल्या.

म्हणूनच पन्नाशीत कॅमेऱ्यासमोर उभे राहिले तेव्हा टेंबे नवखे नव्हते. चाल बांधणारा आणि ती दम सांभाळून गाणारा एकच माणूस होता. आपल्या गळ्याला आणि चेहऱ्याला एका वेळी किती पेलेल, हे त्यांना दुसऱ्याला विचारावं लागत नव्हतं.

त्याच वर्षी ‘माया मच्छिंद्र’ आला. राज्य गमावून स्मशानात राबणाऱ्या हरिश्चंद्रानंतर टेंबे आता स्त्रीराज्यात रमलेले मच्छिंद्रनाथ झाले, आणि त्यांना परत न्यायला येणारा गोरखनाथ होता मास्टर विनायक. एक भूमिका सत्त्वाची, दुसरी मोहाची. संगीत दोन्हींना त्यांचंच. शिवाय ‘अग्निकंकण’ आणि १९३३ मधले ‘सैरंध्री’ व ‘सिंहगड’ हेही त्यांच्याच सुरांतले.

प्रभात पुण्याला गेली. १९३४ च्या ‘अमृतमंथन’ला संगीत दिलं केशवराव भोळ्यांनी. १९३५ मध्ये कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने पार्श्वगायन रूढ करायला सुरुवात केली, आणि पडद्यावर ओठ एकाचे, गळा दुसऱ्याचा असं होऊ लागलं.

पहिला भारतीय बोलपट ‘आलम आरा’ हरवला. ‘अयोध्येचा राजा’ मात्र आजही पाहता येतो. त्यात हरिश्चंद्र गातो तेव्हा चेहरा, गळा आणि चाल तिन्ही एकाच माणसाची आहेत.