आत्या, तुझ्या वह्यांबद्दल

ती. आत्या,


तू गेलीस तेव्हा नातलगांपैकी कुणीतरी म्हणालं, पेपरात देण्यासारखं काय आहे? निवृत्त प्राथमिक शिक्षिका, वय नव्वदीपार. मला ते लागलं, म्हणून हे पत्र सगळ्यांदेखत लिहिते आहे. तू आयुष्यात एकही कविता लिहिली नाहीस. पण मराठी कविता ज्यांच्या जिवावर तगली, त्यांच्यातली तू होतीस.

तुझ्या तरुणपणी कवितासंग्रह विकत घेणं घराला परवडणारं नव्हतं. वाचनालयातून पुस्तक आणायचं आणि परत करायची तारीख यायच्या आत आवडेल तेवढं वहीत उतरवून घ्यायचं. कुसुमाग्रजांची ‘विशाखा’ निम्मीअधिक तुझ्या अक्षरात आहे. १९५५च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झालं, तेव्हा आपल्याकडे रेडिओ नव्हता. शेजाऱ्यांच्या ओसरीवर मांडीवर वही घेऊन तू बसायचीस. वर्षभरात माडगूळकरांची ५६ गीतं झाली. ऐकताना शब्द निसटला की तिथं जागा कोरी सोडायचीस, आणि पुढे कुठं छापील शब्द सापडला की ती भरायचीस. त्या जागा वेगळ्या शाईत आहेत. अंदाजानं मात्र एकही शब्द घातलेला नाही. कवीचा शब्द बदलायचा आपल्याला हक्क नाही, हे तू शाळेतल्या पोरांनाही बजावायचीस.

तुझ्या आवडीनिवडी ठाम होत्या. बालकवींच्या कविता खड्या आवाजात म्हणायच्या, चाल लावून. इंदिरा संतांची कविता मात्र मोठ्यानं वाचलेलीसुद्धा तुला खपत नसे. ती ज्यानं त्यानं आपल्यापुरती वाचावी, असं तुझं म्हणणं. मर्ढेकरांशी तुझं बरीच वर्षं जमलं नाही. निवृत्तीनंतर एका पावसाळ्यात तू ते पुन्हा काढलेस आणि शेवटच्या वहीची कितीतरी पानं त्यांनाच दिलीस. वय झाल्यावर माणसाची आवड थिजते म्हणतात. तुझी सत्तरीनंतरही रुंदावत होती, आणि मला तुझ्या सगळ्या पाठांतराहून याचं कौतुक जास्त वाटतं.

जळगावहून भुसावळला जाताना भादली स्टेशन जवळ आलं की तू गप्प व्हायचीस. १९१८ साली तिथंच, रुळांवर, बालकवी गेले. अठ्ठावीस वर्षांचेही झाले नव्हते. पुढे भुसावळ येईपर्यंत त्यांच्या कविता हलक्या आवाजात चालायच्या, आणि डब्यातली अनोळखी माणसंही ऐकत बसायची. काचबिंदूनं नजर गेल्यावर वाचून दाखवायचं काम आमच्याकडे आलं. आमची एखादी मात्रा चुकली तरी तू थांबवायचीस. पुस्तकातच तसं छापलंय म्हटलं, तर छापणाऱ्याची चूक असेल म्हणायचीस. दुसरी आवृत्ती काढून पाहिली की बहुतेक वेळा तुझंच बरोबर निघे.

बहिणाबाईंची गोष्ट तू आम्हाला पुन्हा पुन्हा का सांगायचीस, ते आता कळतं. त्यांना लिहिता येत नव्हतं. शेतात, जात्यावर सुचलेलं सोपानदेवांनी आणि घरातल्यांनी कागदावर टिपून ठेवलं, म्हणून पुढे आचार्य अत्र्यांच्या नजरेला पडलं. बहिणाबाई १९५१ मध्ये गेल्या आणि १९५२ मध्ये त्यांच्या कवितांचं पुस्तक आलं. कुणी टिपलंच नसतं, तर एवढी मोठी कवयित्री महाराष्ट्राला ठाऊकही झाली नसती. पुरस्कार कवींना मिळतात, मिळावेतच. उतरवून घेणाऱ्यांची नोंद मात्र कुठंच होत नाही, आणि हा अन्याय आहे असं मी स्वच्छ म्हणते.

तुझ्या वह्या माझ्याकडे आहेत. जुन्या मासिकांतून तू उतरवलेल्या काही कविता मला आजवर कुठल्याच संग्रहात सापडल्या नाहीत. खाली कवीचं नाव, मासिक आणि महिना तू लिहून ठेवलास, म्हणून त्यांचा शोध तरी घेता येतो.

हे पत्र वाचणाऱ्यांना एकच विनंती. घरातलं वडीलधारं माणूस गेल्यावर कपाट आवराल, तेव्हा हातानं लिहिलेली वही रद्दीत घालू नका. आधी उघडून वाचा, आणि तुम्हाला सांभाळणं जमणार नसेल तर गावच्या वाचनालयाला द्या.

तुझी भाची